उघडी मूठ सव्वा लाखाची

पैसे कसे वाचवावेत हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. मुदत ठेव, पोस्टाची बचतपत्रे, गुरुपुष्यामृताला एखादे वळे, गावाकडे दोन गुंठे. यांत पैसा सुखरूप राहतो आणि माणूस कंटाळतो. पैसे कसे घालवावेत याचे शास्त्रशुद्ध शिक्षण मात्र कुठेच मिळत नाही. लग्नकार्य आणि फ्लॅटचे इंटिरिअर एवढे दोनच मार्ग आपल्या समाजाला ठाऊक आहेत, आणि दोन्हींत पाहुणे येऊन नावे ठेवून जातात. सुशिक्षित, अभिरुचीसंपन्न आणि पाहुण्यांना मुळीच न कळणारा असा तिसरा मार्ग उपलब्ध आहे. तो म्हणजे जुन्या, दुर्मिळ, संग्राह्य वस्तू ऑनलाइन लिलावात विकत घेणे. त्याची थोरवी अद्याप कोणी नीट सांगितलेली नाही.

दुकानात आपण वस्तू घेतो तेव्हा आपल्यासारखेच हजारो लोक तेवढेच पैसे मोजून तीच वस्तू घेत असतात. त्यात कसला आला पुरुषार्थ? लिलावात वस्तू एकालाच मिळते, आणि मिळण्याची अट अगदी स्वच्छ असते. त्या घटकेला हजर असलेल्या जाणकारांपैकी एकही जण तेवढे पैसे द्यायला तयार असता कामा नये. तीस वर्षे नाणी हाताळलेला मुंबईचा व्यापारी थांबला, अहमदाबादचा संग्राहक थांबला, ज्याने पुस्तक लिहिले तो प्राध्यापकसुद्धा थांबला आणि फक्त आपण पुढे गेलो, की आपण जिंकलो. लगेच पडद्यावर ‘अभिनंदन’ उमटते. मुदत ठेव केल्याबद्दल बँकेने आजवर कोणाचे अभिनंदन केल्याचे ऐकिवात नाही.

अर्थशास्त्रात याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांबद्दल १९७१ मध्ये अमेरिकेतल्या तीन अभियंत्यांनी एक निबंध लिहिला. जमिनीखाली तेल किती आहे याचा सगळ्यांत फुगलेला अंदाज ज्याचा, त्याचीच बोली सगळ्यांत मोठी असते आणि म्हणून तोच जिंकतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी ही गोष्ट तक्रारीच्या सुरात मांडली. अभियंतेच ते. हिशेब कळला, मौज कळली नाही.

मौज कळलेला पुरुष रोममध्ये होऊन गेला. इ. स. १९३ मध्ये पर्टिनॅक्स या सम्राटाला त्याच्याच रक्षक दलाच्या सैनिकांनी ठार मारले आणि मोकळे झालेले साम्राज्य आपल्या छावणीतच लिलावात काढले. आत मेलेल्या सम्राटाचा सासरा सुल्पिकियानस बोली लावत होता, बाहेर डिडियस ज्युलियानस नावाचा धनाढ्य सिनेटर. सैनिक याची बोली त्याला आणि त्याची याला पोचवत होते. आजकाल हे काम सर्व्हर करतो. सासरेबुवा दर सैनिकामागे वीस हजार सेस्टर्सपर्यंत चढले. तेव्हा ज्युलियानसने शे-पाचशेने पुढे न सरकता एकदम पाच हजारांची उडी मारली, तीही ओरडून आणि बोटे उंचावून. लॉट सुटला. ब्रिटनपासून सिरियापर्यंतचा मुलूख एका संध्याकाळी पदरात पडला. पुढे सहासष्ट दिवसांनी त्यालाही ठार मारण्यात आले; टीकाकार नेमके तेवढेच लक्षात ठेवतात. ती बोटे वर गेली तो क्षण त्यांच्या जमाखर्चात कुठेच धरलेला नसतो. शिवाय, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही या नियमाचा त्या काळी भंग होत असे, एवढेच यावरून दिसते. आता व्यवस्था सुधारली आहे.

ही सुधारणा १९९५ साली झाली. पिएर ओमिद्यार या तरुण प्रोग्रॅमरने ‘ऑक्शनवेब’ नावाचे संकेतस्थळ काढले. तेच पुढे ईबे झाले. तिथे पहिल्याप्रथम विकला गेला तो मोडका लेसर पॉइंटर, चौदा डॉलर त्र्याऐंशी सेंटला. ओमिद्यारने घेणाऱ्याला मुद्दाम विचारले, हा चालत नाही हे तुम्हाला कळले आहे ना? उत्तर आले, मी मोडके लेसर पॉइंटरच जमवतो. कंपनीच्या जन्माची ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली जाते, आणि ते रास्तच आहे. एवढ्या मोठ्या धंद्याचा पाया कोणत्या मनोवृत्तीवर घालायचा हे पहिल्याच गिऱ्हाइकाने ठरवून दिले. आपल्याकडे २००० साली बाझी डॉट कॉम आले, ते २००४ मध्ये ईबेने विकत घेतले आणि २०१८ मध्ये ईबेचे भारतातले दुकान गुंडाळले गेले. व्यसन मात्र गुंडाळले गेले नाही. मुंबई, अहमदाबाद, बंगळुरूच्या लिलावसंस्था आता हॉलमधल्या बोलीबरोबर घरबसल्या बोली घेतात, आणि ज्याला तेवढाही धीर नाही त्याच्यासाठी व्हॉट्सॲपवर गट आहेत. तिथे रात्री फोटो पडतो, खाली ‘बेस ३००’, आणि मग माणसे नमस्कार-चमत्कार न करता नुसते आकडे लिहीत सुटतात.

या खेळातली सर्वांत हुशार योजना म्हणजे प्रॉक्सी बोली. आपल्या मनातली कमाल रक्कम यंत्राच्या कानात सांगायची आणि झोपायला जायचे. यंत्र गरज पडेल तेवढेच वर चढते. आपण जिंकलो तरी दोन नंबरच्या बोलीपेक्षा एक पायरीच जास्त द्यावी लागते. टपाल तिकिटांचे व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून असे लिलाव पत्राने चालवत आले. अशा लिलावात खरी किंमत सांगून मोकळे होण्यातच शहाणपण आहे, हे अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केले. त्यांना १९९६ मध्ये नोबेल जाहीर झाले आणि तीन दिवसांनी ते वारले, त्यामुळे लोक त्यांचे ऐकतात की नाही हे पाहायला ते फारसे उरले नाहीत.

लोक ऐकत नाहीत, कारण कमाल रक्कम ही वस्तू स्थिर नसते. साडेआठला ती दोन हजार असते. नऊला दोन हजार असते. नऊ वाजून तीन मिनिटांनी कोणी ‘बिडर १७’ एकवीसशे करतो आणि त्या क्षणी आपल्या लक्षात येते, की आपली खरी कमाल रक्कम पहिल्यापासून तीन हजारच होती, ती फक्त आपल्याला नीट आठवत नव्हती. समोरचा कोण, कुठला, वयाने केवढा, काहीही कळत नाही. तो नीच आहे एवढे मात्र पक्के कळते. आतून हाक येते, “अहो, पानं वाढलीत.” या हाकेला इतिहासात कधीही एवढे अस्पष्ट उत्तर मिळाले नसेल. आमटी निवते, कुटुंब जेवून उठते, आणि घरातला कर्ता पुरुष एका कोपऱ्यात फोनवर अंगठा धरून, श्वास रोखून, कुठल्याशा अनोळखी माणसाशी तांब्याच्या तुकड्यावरून लढत असतो. योगासनांच्या वर्गात पैसे भरून जी एकाग्रता साधत नाही ती इथे केवळ प्रीमियम आणि जीएसटी भरून साधते.

आल्व्हिन रॉथ आणि आक्सेल ओकेनफेल्स या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये या अखेरच्या चढाओढीचाही अभ्यास छापला. ईबेवर घड्याळ संपले की लिलाव संपे. ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांत शेवटी कोणी बोली लावली तर वेळ वाढत असे. ईबेवर बोल्या शेवटच्या क्षणांत तुंबत, आणि बोली लावणारा जितका अनुभवी तितका तो उशिरा येई. कॉम्प्युटरच्या लिलावांपेक्षा जुन्या वस्तूंच्या लिलावांत तर हे फारच. कारणही सरळ आहे. जाणकाराने लवकर हात वर केला तर बाकीच्यांना वस्तू चांगली असल्याचा सुगावा लागतो. तेव्हा तो शेवटपर्यंत दडून बसतो. आपल्याकडच्या अनेक लिलावांत वेळ वाढवून देतात, त्यामुळे शेवटचा क्षण पुन्हा पुन्हा येतो. तेवढ्याच पैशांत तो इतक्या वेळा मिळणे ही ग्राहकहिताची मोठीच गोष्ट म्हणायची.

घ्यायचे काय, हा प्रश्न त्या मानाने गौण. तरी नवख्याने शिवराईपासून सुरुवात करावी. १६७४ च्या राज्याभिषेकापासून पाडले जाऊ लागलेले हे तांब्याचे नाणे पेशवाईत चालले आणि पुढे इंग्रजी अमलातही बाजारात फिरत राहिले. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. अक्षरे निम्मी पत्र्याबाहेर गेलेली. झिजकी शिवराई काही शे रुपयांत मिळते, त्यामुळे एवढ्यावर कोणी थांबत नाही. हळूहळू कळते, की टाकसाळीतल्या कारागिरांनी ‘शिव’ हा शब्द तऱ्हेतऱ्हेने कोरला आहे. कुठे पहिली वेलांटी, कुठे दुसरी, कुठे ‘श’चा ‘स’. ‘छत्रपति’चीही तीच गत. बस्स, इथून पुढे माणसाला सुटका नाही. ज्या भाषेत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीला शाळेत अर्धा गुण कापला जातो, त्याच भाषेत त्याच चुकीला इथे दुप्पट भाव मिळतो. शुद्धलेखनाच्या वादांत ज्यांचे आयुष्य गेले त्यांनी निवृत्तीनंतर या छंदाकडे वळावे. मनाला फार शांतता लाभते.

चुकीचा हा मान फक्त मराठी नाण्यांपुरता नाही. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया घ्या. राजाच्या झग्यावर हत्ती कोरला होता, पण सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना त्यात डुक्कर दिसले. मुसलमान प्रजेने आक्षेप घेतला, सरकारने उरलेली नाणी अडवून ठेवली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड दुरुस्त करून दिली. सुमारे ९४ लाख नाणी पाडली होती, त्यांतली सातेक लाखच बाहेर पडली. आज सुधारलेल्या सोंडेचा रुपया चांदीच्या भावाच्या आसपास मिळतो आणि बिघडलेल्या सोंडेसाठी मारामारी होते. १८५४ च्या चार आण्यांच्या तिकिटांत व्हिक्टोरिया राणीचे डोके काहींवर उलटे छापले गेले. दोन रंग दोनदा छापताना कागद उलटा सरकला असावा. सरळ डोक्याच्या राणीकडे संग्राहक सौजन्याने पाहतात, उलट्या डोक्याच्या राणीपुढे नतमस्तक होतात. सरकारी खात्यांनी आपल्या चुका दडवण्याचे सोडून द्यावे. दीडशे वर्षे कळ काढली तर त्यांचेही सोने होते.

वस्तू किती चांगल्या स्थितीत आहे हे ठरवायला ग्रेडिंग असते. एक ते सत्तर असे गुण. सत्तर म्हणजे निर्दोष. सत्तरच का, शंभर का नाहीत, असे एखादा शिक्षक विचारील. ही पद्धत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी काढली. सत्तर गुणांचे नाणे एक गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचे, असा त्या वेळचा बाजारभाव होता. भाव केव्हाच बदलला, सत्तर राहिले. हे शेल्डन मूळचे मानसशास्त्रज्ञ. शरीराच्या ठेवणीवरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो असा त्यांचा सिद्धांत होता. त्यांच्या मृत्यूनंतर असे उघडकीस आले, की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिझमॅटिक सोसायटीच्या संग्रहातले शंभराहून अधिक सरस सेंट त्यांनी काढून घेऊन त्या जागी आपले डावे सेंट ठेवले होते. नाण्याच्या दर्जातला सूक्ष्म फरक ओळखण्याची त्यांची नजर किती तीक्ष्ण होती याचा याहून भक्कम पुरावा मिळणे अशक्य. ग्रेडिंग झाल्यावर नाणे प्लास्टिकच्या डबीत कायमचे सील होते. शेकडो वर्षे हातोहात फिरलेल्या वस्तूला आता मालकाने बोटही लावायचे नाही. ते फक्त पाहायचे आणि विम्याचा विचार करायचा.

फोटोखालचे वर्णन वाचणे हा स्वतंत्र आनंद आहे. मालाला चहाच्या पाण्याचा, मातीचा नाहीतर आणखी कशाकशाचा हात देऊन तीन महिन्यांत तीनशे वर्षे आणणारे कलावंत आपल्याकडे आहेत, आणि प्राचीन कलेला उत्तेजन मिळत नाही अशी ओरड करणाऱ्यांनी त्यांचा ग्राहकवर्ग एकदा पाहावा. ‘अतिदुर्मिळ’ हा शब्द ज्या वस्तूला लागतो तिचे त्याच पानावर आणखी चार नग असतात. ‘जसे आहे तसे’ म्हणजे विचारू नका. आणि सर्वांचे लाडके वाक्य: ‘आजोबांच्या पेटीत सापडले.’ महाराष्ट्रातल्या आजोबांच्या पेट्यांतून गेल्या काही वर्षांत जेवढी शिवकालीन नाणी बाहेर पडली, तेवढी रायगडावर तरी होती की नाही, शंका आहे.

विकणाऱ्यांचेही स्वप्न असते, ते विसरून चालणार नाही. वैष्णोदेवीचे चित्र असलेला पाचाचा नाहीतर दहाचा ठोकळा, ट्रॅक्टरची पाचाची नोट, ७८६ आकडा असलेली नोट. यांना लाखो रुपये मिळतात, ही बातमी दर दिवाळीला फोनवर फिरून येते. घराघरांतून देवापुढच्या वाटीतली चिल्लर तपासली जाते. मग कोणीतरी फोन करतो, नोट दहा लाखांना ठरली, फक्त आधी नोंदणीशुल्क पाठवा. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले, की आम्ही असल्या व्यवहारांत नाही, कमिशनही मागत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. ज्या बँकेने नोट छापली तिलाच तिची खरी किंमत कळत नाही, असा याचा अर्थ जाणकारांनी काढला.

जिंकल्यावर बिल येते. हातोडा पडला ती रक्कम ही नुसती प्रस्तावना. तिच्यावर लिलावसंस्थेचा प्रीमियम, करांचा आपला वाटा, पॅकिंग, विमा, कुरिअर. पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवावे, असे अनुभवी लोक सांगतात. तरी ते एक दिवस घरी येतेच.

“काय आलंय हो?”

“काही नाही गं. जुनं नाणं.”

“चालतं का?”

“छे! आता कुठे चालणार?”

“चालत होतं तेव्हा केवढ्याचं होतं?”

“एक पैशाचं.”

“आणि कितीला घेतलंत?”

इथे सरकारचा दाखला द्यावा. लंडनच्या सदबीजमध्ये २०२५ साली नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लिलावाला आली, तेव्हा महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत बोली लावून ती सुमारे सत्तेचाळीस लाखांत सोडवून आणली आणि मुंबईत तिचे वाजतगाजत स्वागत झाले. ते झाले हे उत्तमच झाले. पण त्यामुळे आपली एक पैशाची खरेदीही राज्याच्या सांस्कृतिक धोरणाशी सुसंगत ठरते, हे घरच्यांना शांतपणे समजावून सांगता येते. वाजतगाजत स्वागताची अपेक्षा मात्र धरू नये. दुसरा दाखला गांधीजींचा. ब्रिस्टलजवळच्या एका लिलावगृहाच्या टपालपेटीत २०२० मध्ये कोणीतरी साध्या लिफाफ्यात घालून त्यांचा चष्मा टाकला. अंदाज पंधरा हजार पौंडांचा होता, गेला दोन लाख साठ हजारांना. ज्यांनी आयुष्यभर अपरिग्रह सांगितला त्यांच्या वस्तूचा संग्रह करायला एवढे पैसे मोजणे म्हणजे त्या शिकवणुकीला दिलेली केवढी मोठी किंमत!

“उद्या विकायला काढलं तर दुप्पट येतील,” हे वाक्य मात्र जपून वापरावे. आपल्या कायद्याने त्याची एक बाजू आधीच बंद केली आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षे पूर्ण झालेली नाणी, मूर्ती, चित्रे खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे परदेशातून पैसे मोजून आणा, स्वागत आहे. परत विकायचे झाले तर गिऱ्हाईक इथल्या इथेच शोधा. ते सापडतेही. ज्याला आपण एकवीसशेवर चीत केले तो बिडर १७ अजून याच देशात कुठेतरी जागा असतो. पण त्याची कमाल रक्कम आता शांतपणे मोजलेली असते, आणि ती आपल्या खरेदीच्या निम्म्याने असते.

म्हणून खरा संग्राहक विकत नाही. तो अल्बम लावतो, पाकिटांवर पेन्सिलीने बारीक अक्षरात तारखा लिहितो, सिलिकाच्या पुड्या बदलतो आणि मुलाला रविवारी सकाळी धरून एक पहिली वेलांटी आणि एक दुसरी वेलांटी दाखवतो. मुलगा “हो बाबा” म्हणतो आणि फोनकडे बघतो. काही वर्षांनी त्याचे लग्न होते, बाबांचा नातू जन्मतो, आणि यथावकाश तो नातू सबंध संग्रह एकाच ढिगाऱ्यात मांडून फोटो काढतो, बेस किंमत तीनशे ठेवतो आणि खाली लिहितो, ‘आजोबांच्या पेटीत सापडले.’ हे वाक्य खरे ठरण्याची ती पहिलीच वेळ असेल, आणि नेमके तेव्हाच कोणाचा त्यावर विश्वास बसणार नाही. बिडर १७ चा नातू तेवढा बोली लावील.